नवशिक्याने पहिले सोल्डरिंग आयर्न कोणते घ्यावे? (गावातील विजेचा विचार करून सांगावे)

पांदण (ता. दारव्हा, जि. यवतमाळ)

नमस्कार मंडळी. मी शेती करतो. कापूस, तूर आणि विहिरीच्या पाण्यावर थोडा हरभरा, एवढाच पसारा आहे. इलेक्ट्रॉनिक्सचे शिक्षण माझ्याजवळ नाही, परंतु बॅटरीवरचे फवारणी पंप उघडून पाहण्याची खोड तीन हंगामांपासून लागली आहे आणि आता शेजारपाजारचे बंद पडलेले पंपही माझ्याच ओसरीवर येऊन पडतात. बहुतेक पंपांत बिघाड असा काही नसतोच. स्विचपाशी, चार्जिंगच्या सॉकेटपाशी किंवा मोटरच्या टोकापाशी तार तुटलेली असते. दुसरे काम माझ्या हौसेचे आहे. रोही आणि रानडुकरांपायी रात्रीची जागल काही सुटत नाही, म्हणून १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा आणि हालचाल टिपणाऱ्या सेन्सरने पेटणारा एक दिवा, सोबत भोंगा, असे बांधायला घेतले आहे. सेन्सरचे मॉड्यूल, रिले, दिवा हे सगळे आणून ठेवले आहे. अडले आहे ते जोडकामाशी.

मागील वर्षी मी ऑनलाइन एक स्वस्त संच मागवला होता. त्यात आयर्न, तारेचा स्टँड, पेस्टची डबी आणि कथिलाच्या तारेचे बोटभर वेटोळे होते. चार दिवसांतच बिट (आयर्नचे तापणारे टोक) काळे पडले आणि आता कथील त्याला चिकटतच नाही, त्याची गोळी होऊन खाली घरंगळते. मी पॉलिश पेपरने घासून पाहिले. त्या दिवसापुरते बरे वाटले आणि नंतर अधिकच बिघडले. त्याच आयर्नने एका पंपाच्या स्विचला लावलेला जोड वरून अगदी चकचकीत दिसत होता, मात्र फवारणीच्या दुसऱ्याच फेरीत, शेताच्या मधोमध, तार निघून आली. कथिलाची टोपी स्विचच्या पट्टीवर जशीच्या तशी बसलेली होती आणि तिच्या पोटात तारेच्या जाडीचे गोल भोक राहिले होते.

आता नवीन आयर्न घ्यायचे आहे. यवतमाळच्या दुकानदाराने २५ वॅटचे साधे आयर्न दाखवले, तर माझा पुण्यात शिकणारा पुतण्या म्हणतो की तापमान ठरवता येणारे सोल्डरिंग स्टेशन घेतल्याशिवाय काही खरे नाही. सगळे सामान धरून माझी मजल हजार रुपयांपर्यंत आहे. वॅट जास्त असले म्हणजे आयर्न अधिक गरम होते का, आणि ते नाजूक मॉड्यूल जाळून टाकेल का, हेही मला नीट उमगलेले नाही. अनुभवी मंडळींनी सांगावे.

जुना_ट्रान्झिस्टर (वरोरा)

पांदणभाऊ, माझे रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचे दुकान तीसेक वर्षे चालले, त्या अनुभवावरून लिहितो. सर्वप्रथम पुतण्याचे म्हणणे बाजूला ठेवा. आमच्या पिढीने सोल्ड्रॉन कंपनीच्या २५ वॅटच्या आयर्नवर हजारो जोड लावले असतील आणि त्यांतले कित्येक अजून चालू असतील. हे आयर्न हलके असते, त्याचे बिट आणि एलिमेंट (आतला तापणारा भाग) सुटे मिळतात आणि काही बिघडले तर तालुक्याच्या गावी दुरुस्त होते. तुमचा जोड आयर्नमुळे नव्हे, तर टिनिंगमुळे (बिटावर कथिलाचा थर न धरल्यामुळे) बिघडला, असे माझे स्पष्ट मत आहे.

तुमच्या गावात पूर्वी कल्हईवाला येत असेल, तर त्याची रीत आठवून पाहा. तो भांडे आधी घासतो, मग तापवतो, तापलेल्या भांड्यावर नवसागर टाकून कापसाच्या बोळ्याने फिरवतो, आणि त्यानंतरच कथील टेकवतो. ते लगेच आरशासारखे पसरते. नवसागर न टाकता कथील टेकवले तर त्याचे मणी होतील आणि भांड्यात इकडेतिकडे पळतील. तुमच्या बिटावर नेमके तेच मणी होत आहेत. धातू तापला की त्यावर हवेने पापुद्रा धरतो, आणि तो पापुद्रा काढून टाकणारे द्रव्य हजर नसेल तर कथील धातूला भेटतच नाही. आपल्या कामात नवसागराची जागा राळ घेते. चांगल्या सोल्डर वायरच्या पोटात ती भरलेली असते. नवसागर किंवा आम्लाची पेस्ट भांड्यांना आणि पत्र्याला ठीक आहे. तारेच्या जोडावर ती राहिली तर पावसाळ्यात तांबे खाऊन टाकते. संचात आलेली ती डबी कशाची आहे हे तिच्यावर लिहिलेले नसेल, तर ती उकिरड्यावर टाकावी.

आता बिटाविषयी. साध्या तांब्याचे बिट हळूहळू कथिलात विरघळत जाते, त्याला खड्डे पडतात, आणि ते कानसीने घासून पुन्हा टिनिंग करून वापरावे लागते. आम्ही आयुष्यभर हेच केले. परंतु आजकालच्या बहुतेक बिटांवर लोखंडाचा पातळ मुलामा असतो आणि तो एकदा घासला गेला की बिट संपले. तुम्ही पॉलिश पेपर मारला तिथे हेच झाले असावे. ओळखण्याची सोपी खूण म्हणजे जुन्या स्पीकरचे चुंबक. बिट त्याला ओढले गेले तर मुलामा आहे, कानस लावू नये. ओढले गेले नाही तर निव्वळ तांबे आहे, खुशाल घासावे.

तेव्हा २५ वॅटचे आयर्न घ्या, पहिल्यांदा तापत असतानाच बिटावर वायर फिरवून ते ओले करा, आणि काम संपल्यावर बिटावर कथिलाचा थेंब ठेवूनच बटण बंद करा.

कार्यशाळा_क्र_३ (हिंगणघाट)

टिनिंगविषयी काकांनी जे लिहिले आहे त्यातील एकही शब्द बदलण्याची गरज नाही. मी आयटीआयमध्ये शिकवतो आणि मुलांना कल्हईचेच उदाहरण देतो, फरक इतकाच की आता वर्गातील निम्म्या मुलांनी कल्हईवाला पाहिलेला नसतो. परंतु आयर्नच्या निवडीबाबत माझे मत वेगळे आहे, कारण वरोऱ्याच्या बाजारपेठेतील वीज आणि दारव्हा तालुक्यातील खेड्यातील वीज या एक वस्तू नव्हेत.

आधी वॅटचा घोळ मिटवू. वॅट म्हणजे तापमान नव्हे. आयर्न दर सेकंदाला किती उष्णता पुरवू शकते त्याचे ते माप आहे. साध्या आयर्नमध्ये तापमान आवरणारे काहीच नसते. एलिमेंट जितकी उष्णता देते तितकीच हवेत निघून जाऊ लागली की बिट त्या तापमानाला स्थिर होते. तुम्ही त्याला जाड तार लावली की उष्णता तिकडे वाहू लागते, बिट थंड होते आणि ते पुन्हा तापण्यास वेळ लागतो. तापमान नियंत्रित आयर्नमध्ये सेन्सर असतो. बिट थंड झाल्याचे कळताच ते पूर्ण ताकद लावते आणि तापले की हात आखडते. म्हणून ६० वॅटचे नियंत्रित आयर्न ३२० अंशांवर ठेवले तर मॉड्यूल जाळत नाही, आणि २५ वॅटचे साधे आयर्न दहा मिनिटे नुसते पडून राहिले तर त्याहून अधिक गरम होऊन पीसीबीवरची (मॉड्यूलच्या छापील बोर्डावरची) तांब्याची पट्टी उचकटू शकते.

आता विजेचे गणित. एलिमेंट हा निव्वळ रोध आहे, त्यामुळे त्याची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० व्होल्टला २५ वॅट देणारे आयर्न २०० व्होल्टला सुमारे १९ वॅट देते आणि १८० व्होल्टला १५ वॅटच्या आसपास येते. व्होल्टेज साधारण पाचव्या हिश्शानेच उतरले. ताकद मात्र चाळीस टक्क्यांनी गेली. अशा आयर्नचे बिट रिकामे असताना कथील वितळवते, म्हणून आपल्याला वाटते की सर्व ठीक आहे. तारेला टेकवले की मात्र तार कधीच पुरेशी तापत नाही. कथील बिटावर वितळते, तारेभोवती सांडते आणि थंड तारेवर टोपीसारखे गोठते. पांदणभाऊंनी वर्णन केलेली पोटात भोक असलेली टोपी वाचताना मला तरी १५ वॅटचे आयर्नच दिसत होते.

पांदणभाऊ, तुमच्याजवळ मल्टिमीटर असेल तर दिवसातून तीन वेळा घरच्या सॉकेटचे व्होल्टेज मोजून इथे लिहा, त्यानंतरच खरेदीचे ठरवू.

पांदण

मोजले, सर. काल दुपारी दोन वाजता २२१ व्होल्ट आले. संध्याकाळी साडेसातला १९६. आज पहाटे, रात्रपाळीच्या थ्री फेजवर शिवारातील सगळ्या मोटारी हरभऱ्याला आणि गव्हाला लागलेल्या असताना, १७८. आणि मला तर जोडकामाला वेळ मिळतो तो पहाटे किंवा दिवेलागणीनंतरच. दुपारी २२१ व्होल्ट असतात तेव्हा मी वावरात असतो.

पहाटे १७८ व्होल्टवर जुने आयर्न लावूनही पाहिले. बिटाच्या एका कडेला अजून थोडे कथील धरते, तिथे वायर वितळली. परंतु पंपाच्या तारेवर मी मनात ४० आकडे मोजले तरी कथील तारेत शिरले नाही, उलट तारेचे प्लॅस्टिक मागे सरकू लागले.

जुना_ट्रान्झिस्टर

१७८ हा आकडा वाचून मी माझा सल्ला अर्धा मागे घेतो. आमच्या दुकानात स्टेबिलायझर होता आणि तो टीव्हीसाठी ठेवलेला असल्यामुळे आयर्नही त्याच्यावरच चालत असे, याचा मला इतक्या वर्षांत कधी विचारच करावा लागला नाही. तुम्हांलाही घरी टीव्हीचा किंवा फ्रिजचा स्टेबिलायझर असेल, तर २५ वॅटचे आयर्न त्यावर लावून पाहता येईल. इन्व्हर्टर असेल तर त्याची मेन बंद करून निव्वळ बॅटरीवर साधे आयर्न चालवता येते. मेन चालू असेल तर मात्र इन्व्हर्टर तीच मरगळलेली वीज पुढे ढकलतो. स्टेबिलायझर घरात असताना ६० वॅटचे आयर्न विकत घेणे मला अजूनही उधळपट्टीच वाटते.

आणि नियंत्रित आयर्न घ्यायचेच ठरले, तर डोळे उघडे ठेवून घ्यावे. मुठीवर चकती असलेली ६० वॅटची स्वस्त आयर्न बाजारात ढिगाने आली आहेत. त्यांच्या चकतीवर २०० ते ४५० अंश असे छापलेले असते. काहींच्या आत खरोखर सेन्सर असतो. काहींच्या आत पंख्याच्या रेग्युलेटरसारखी नुसती ताकद कमी-जास्त करणारी जोडणी असते आणि चकतीवरचे अंश ही केवळ सजावट असते. अशा दुसऱ्या प्रकारच्या आयर्नला कमी व्होल्टेजचा तोच रोग जडतो. दुकानदाराची हरकत नसेल तर प्लग काढलेला असताना मूठ फिरवून उघडावी. हीटरपासून चार तारा येत असतील तर दोन हीटरच्या आणि दोन सेन्सरच्या समजाव्यात. दोनच तारा असतील तर ते परत काचेच्या कपाटात ठेवण्यास सांगावे.

तुरीचा_दाणा (मेहकर)

मला एक वेगळाच मार्ग सुचवावासा वाटतो. ज्या माणसाच्या ओसरीवर फवारणी पंपांच्या १२ व्होल्टच्या बॅटऱ्या पडलेल्या असतात, त्याने २३० व्होल्टच्या नादी लागावे तरी कशाला? डीसीवर चालणारी आयर्न मिळतात. टीएस१०० आणि पाइनसिल ही त्यांतली नावाजलेली नावे; दोन्ही १२ ते २४ व्होल्टवर चालतात, आणि त्यांच्या बिटातच हीटर व सेन्सर एकत्र बसवलेले असल्याने ती काही सेकंदांत तापतात. मी सोलर पॅनलची जोडणी दुरुस्त करताना शेतातच वापरतो, तिथे सॉकेट कोठून आणणार?

मात्र दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगतो. पहिली अशी की ही आयर्न पांदणभाऊंच्या हजार रुपयांत बसत नाहीत. दुसरी अशी की १२ व्होल्टवर टीएस१०० जेमतेम १७ वॅट देते आणि २४ व्होल्टवर ६५ पर्यंत जाते. इथेही व्होल्टेजचे तेच गणित लागू पडते. बारीक तारेला १७ वॅट पुरतात, कारण बिट लहान असते आणि उष्णता टोकापाशीच तयार होते. परंतु बॅटरीच्या जाड तारेसाठी मी दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट करतो. पंपाची ८ अँपिअर-तासांची बॅटरी १२ व्होल्टवरच्या कामाला तासभर निवांत पुरते. लेड-अ‍ॅसिड बॅटरी अर्ध्याहून जास्त रिकामी करू नये, नाहीतर आयर्न राहील आणि पंप जाईल.

मेळघाटची_शिक्षिका (धारणी)

मी आठवी-नववीच्या मुलांकडून विज्ञान मंडळात लहान सर्किटे करून घेते. आयर्नविषयी वर पुरेसे आले आहे. मला सोल्डर वायर आणि धूर यांविषयी लिहायचे आहे, कारण खरेदी करताना माणूस आयर्नवर दहा प्रश्न विचारतो आणि वायर मात्र मिळेल ती उचलतो.

कथील आणि शिसे ६०:४० प्रमाणात असलेली वायर १८३ अंशांना मऊ होऊ लागते आणि १९० च्या सुमारास पूर्ण वितळते. ६३:३७ प्रमाणाची मिळाली तर उत्तमच, कारण ती १८३ अंशांनाच एकदम वितळते आणि एकदम गोठते. मधली चिखलासारखी अवस्था नसल्याने हात हलून जोड बिघडण्याचा धोका कमी होतो. शिसेविरहित वायर आरोग्याला बरी, परंतु तिला २१७ ते २२७ अंश लागतात, ती पसरण्यास नाखूश असते आणि १७८ व्होल्टच्या गावात नवशिक्याला ती रडवील. वायर बारीक घ्यावी. २२ गेजची वायर ०.७ मिलिमीटरची असते. मॉड्यूलला आणि तारांना दोन्हींना ती चालते, फक्त जाड तारेला जरा अधिक लांबी खाते. दुकानात १८ गेजची जाड वायर पुढे केली जाते, ती घेतल्यास मॉड्यूलच्या शेजारशेजारच्या दोन पिना एकाच थेंबात बुडतील.

शिसे धुरातून पोटात जाते असा समज आहे, तो चुकीचा आहे. शिसे उकळते १,७०० अंशांच्याही पुढे. आपण ३५०च्या आत असतो. वर येणारा पांढरा धूर राळेचा असतो, आणि तोही निरुपद्रवी नाही, दम्याच्या माणसाला तो निश्चित त्रास देतो. शिसे पोटात जाते ते बोटांवरून. वायर दातांनी तोडू नये, काम करताना खर्रा किंवा बिडीला हात लावू नये, आणि उठल्याबरोबर साबणाने हात धुवावेत. ओसरीवर लहान मुले रांगत असतील तर खाली सांडलेले कथिलाचे मणी वेचून घ्यावेत.

पंखा बिटावर रोखलेला नसावा. तो पाठीमागून यावा किंवा धूर बाजूला नेईल असा असावा. मे महिन्यात पंखा बंद करून काम करा असे मी विदर्भातल्या माणसाला सांगू शकत नाही.

अजून एक. आपल्याकडे येणारे पंप औषधाचे असतात. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी दगावले, हे आपणांस मी सांगण्याची गरज नाही. पंप आणि तारांची टोके साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवल्याशिवाय त्यांवर आयर्न टेकवू नका. औषधाचा थर तापवून त्याचा धूर हुंगणे फवारणीहून वेगळे नाही.

पांदण

ताई, धुण्याचे माझ्या डोक्यातच आले नव्हते. आजपर्यंत मी फडक्याने पुसून काम करत होतो.

स्टेबिलायझर आमच्या घरी नाही, काका. त्यामुळे चार तारांचे चकतीवाले आयर्न पाहण्यासाठी रविवारी यवतमाळला जातो. आणखी एक शंका: पंपांतील तारा सोलल्यावर आतले तांबे हिरवे-काळे निघते. त्याला कथील धरत नाही, तो दोषही आयर्नचाच का?

कार्यशाळा_क्र_३

तो दोष आयर्नचा नाही. औषध आणि खताचे पाणी तारेच्या केशिकांमधून (आतल्या तांब्याच्या बारीक धाग्यांमधून) प्लॅस्टिकच्या आत कित्येक इंच चढते. अशी तार बोटभर मागे कापा, पुन्हा सोला. तांबे लालसर, चकचकीत दिसेपर्यंत मागे जात राहा. पूर्ण तारच काळी असेल तर ती टाकून नवीन ओढणे अधिक स्वस्त पडते. थोडासाच काळपटपणा असेल तर ब्लेडच्या पाठीने खरवडून वरून राळ लावता येते.

जोडाची रीत थोडक्यात सांगतो, कारण चांगले आयर्न आणूनही ती चुकली तर टोपी पुन्हा तशीच होईल. स्विचच्या पट्टीला भोक असते. तार त्यातून ओवून आकड्यासारखी वळवावी, म्हणजे कथील नसतानाही ती लोंबकळत राहील. जोराचा भार त्या आकड्याने घ्यायचा आहे, कथिलाने नव्हे. बिट चपटे, स्क्रूड्रायव्हरच्या तोंडासारखे निवडा. संचात येणारे सुईसारखे अणकुचीदार बिट दिसायला नाजूक कामाचे वाटते, परंतु ते एका बिंदूवर टेकते आणि उष्णता देत नाही. बिटावर आधी किंचित कथील घ्या, त्याने बिट आणि तार यांच्यात उष्णतेचा पूल तयार होतो. चपटी बाजू तार आणि पट्टी या दोघांना एकाच वेळी लागेल अशी ठेवा, दोन-तीन सेकंद थांबा, आणि मग सोल्डर वायर बिटाला नव्हे, पलीकडच्या बाजूने तारेला लावा. तार स्वतः तापलेली असेल तर ती कथील शोषून घेते, जशी वात तेल ओढते. आधी वायर काढावी, मग बिट, आणि जोड गोठेपर्यंत फुंकर मारू नये व हात हलवू नये. चांगल्या जोडात केशिकांचा आकार कथिलाखालून दिसतो आणि कथिलाची कड पट्टीवर निमुळती होत जाते. गोल फुगीर मणी दिसला तर तो ड्राय सोल्डर, म्हणजे आतून न धरलेला जोड आहे, पुन्हा तापवावा.

चकती तारांसाठी ३५० च्या आसपास, मॉड्यूलच्या पिनांसाठी ३२० वर ठेवा. पहिल्यापासून ४०० वर ठेवून काम उरकण्याचा मोह होतो. त्याने राळ क्षणात जळते आणि बिट आठवड्यात काळे पडते. जेवायला उठताना बंद करा. पुसण्यासाठी पितळी तारांचा चोथा घ्या, ओल्या स्पंजने बिट दर वेळी गार पडते आणि कमी व्होल्टेजमध्ये ते आपल्याला परवडत नाही.

पंपाची बॅटरी जोडकामापूर्वी सोडवून ठेवणे आणि तुमच्या दिव्याच्या यंत्रात बॅटरीच्या धन टोकापाशी फ्यूज घालणे, या दोन्ही गोष्टी विसरू नका. नव्या काही पंपांत लिथियमच्या बॅटऱ्या येतात. त्यांच्या सेलवर थेट सोल्डर कधीही लावायचे नाही.

पांदण

मंडळी, आयर्न आले. दुकानदाराने मूठ उघडू देण्यास आधी खळखळ केली. मी चार तारांचे कारण सांगितल्यावर त्याने स्वतःच दोन वेगळ्या नमुन्यांच्या मुठी उघडल्या. एकात दोन तारा निघाल्या, दुसऱ्यात चार, आणि त्यालाही ते पहिल्यांदाच कळले. चार तारांचे ६० वॅटचे आयर्न, एक जादा चपटे बिट, ६०:४० ची २२ गेजची ५० ग्रॅम वायर, राळेची डबी, पितळी चोथा आणि दोन मापांची हीट श्रिंक स्लीव्ह (जोडावर चढवून तापवली की आवळणारी नळी), एवढे सगळे ९४० रुपयांत झाले. स्टँड जुनाच चालवतो आहे, फक्त तो हलका असल्यामुळे पाटीला खिळ्यांनी ठोकून टाकला.

आज पहाटे मीटरवर १८१ व्होल्ट होते. त्याच पंपाचा स्विच घेतला, साबणाने धुतला, तार तीन वेळा मागे कापली तेव्हा लाल तांबे लागले. आकडा करून ओवली, चपटे बिट टेकवले आणि मनात आकडे मोजू लागलो. चौथ्या आकड्याला पलीकडून लावलेली वायर एकदम तारेत शिरली, बाहेर थेंबसुद्धा उरला नाही. गार झाल्यावर पक्कडीने ओढून पाहिले. पट्टी वाकली, जोड हलला नाही.

कार्यशाळा सर, एक शंका मात्र राहिली. जोड इतका चांगला झाल्याच्या आनंदात मी स्लीव्ह आधी तारेत ओवायलाच विसरलो. आता तारेचे दुसरे टोक मोटरला पक्के आहे. पुन्हा तोडावे लागेल का?

कार्यशाळा_क्र_३

हा जोड तोडू नका. मोटरचे टोक सोडवा, स्लीव्ह तिकडून ओवून स्विचपर्यंत सरकवा, आणि मोटरच्या टोकाचा जोड नव्याने लावा. तो लावण्यापूर्वी त्या बाजूची स्लीव्हही आठवणीने ओवा.

जुना_ट्रान्झिस्टर

आणि ती जोडापासून वीतभर लांब सरकवून ठेवा, भाऊ. जवळ ठेवली तर आयर्नच्या आचेने ती तिथेच आवळून बसते आणि पुढे सरकत नाही. मी हे परवाच, नातवासमोर, करून दाखवले आहे.

पांदण

मोटरचे टोक सोडवले. पाहतो तर तिथेही तीच टोपी होती, बोटाने ओढताच हातात आली. दोन्ही स्लीव्ह ओवून घेतल्या आहेत, वीतभर लांब. आता मोटारी बंद होण्याची वाट पाहत नाही. चहा घेऊन बसतो.